पाऊस गगनबावड्यात, पूर शिरोळात

कोल्हापूर जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला गगनबावडा. तिथे वर्षाला 5000 मिलीमीटरच्या पुढे पाऊस पडतो. पूर्व टोकाच्या शिरोळ तालुक्यात जेमतेम 500 मिलीमीटर. पण महापुरात सगळ्यात जास्त दिवस पाण्यात राहतं ते शिरोळच. पंचगंगेचं सगळं कोडं या विसंगतीत आहे.

कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि गुप्त मानली जाणारी सरस्वती यांचा संगम प्रयाग चिखलीला होतो आणि तिथून नदी पंचगंगा म्हणवते. सह्याद्रीवरून ही पाणी वेगात आणते. पुढे मात्र सपाट, उसाचा मुलूख लागतो आणि नदी वळणं घेत रेंगाळते. नरसोबाच्या वाडीला ती कृष्णेला मिळते. कृष्णेत तोवर कऱ्हाडला कोयना आणि सांगलीजवळ हरिपूरला वारणा येऊन मिळालेली असते. कृष्णाच तुडुंब असेल तर पंचगंगेचं पाणी शिरणार कुठे? ते मागे दाटतं. याला इथले लोक ‘फूग’ म्हणतात. म्हणून पाऊस उघडला, ऊन पडलं तरी शिरोळच्या गावांतलं पाणी दिवसेंदिवस हलत नाही.

या पुराची दोरी बरेचदा बंगालच्या उपसागरात असते. तिथे कमी दाबाचं क्षेत्र तयार होऊन ओडिशाकडे सरकलं की अरबी समुद्रावरचे पश्चिमी वारे जोर धरतात, घाटाला धडकून वर चढतात आणि बाष्प तिथेच रिकामं करतात. 2019 च्या ऑगस्टमध्ये हेच झालं. 2021 च्या जुलैत महाबळेश्वरला तर 24 तासांत 594 मिलीमीटर पाऊस झाला, म्हणजे शिरोळच्या वर्षभराच्या पावसाहून जास्त!

कोल्हापूरकर पूर फूट-इंचांत बोलतात. कसबा बावड्याजवळच्या राजाराम बंधाऱ्यावर इशारा पातळी 39 फूट, धोका पातळी 43. पावसाळ्यात ‘किती झालं?’ एवढंच विचारलं तरी समोरचा बंधाऱ्याची पातळी सांगतो. इशारा पातळी गाठली की चिखली-आंबेवाडीची माणसं जनावरं घेऊन सोनतळीकडे निघायच्या तयारीला लागतात. पाणी शहरातल्या जामदार क्लबपाशी आलं, की शहरालाही कळतं की यंदा नदी ऐकत नाही. 2019 मध्ये पातळी 55 फुटांच्या वर गेली, शिरोलीजवळ पुणे-बंगळूर महामार्ग बुडाला आणि पाण्याने वेढलेल्या शहरात पिण्याच्या पाण्याचीच टंचाई झाली. दोनच वर्षांनी पाणी 56 फुटांवर गेलं.

या सगळ्यात राधानगरी धरणाचे दरवाजे म्हणजे खरं नवल. भोगावतीवरचं हे धरण राजर्षी शाहू महाराजांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हाती घेतलं. त्याला सात स्वयंचलित दरवाजे आहेत. पाणी 347.5 फुटांना टेकलं की पाण्याच्याच दाबाने दरवाजा उचलला जातो, पातळी उतरली की आपोआप बसतो. ना वीज, ना बटण, ना साहेबांची सही. एका दरवाजातून 1428 क्युसेक, म्हणजे सेकंदाला सुमारे 40,000 लिटर पाणी सुटतं. ‘सहा नंबर उघडला’ ही बातमी म्हणूनच वाऱ्यासारखी पसरते. पण या दरवाजाला खालच्या गावांची कल्पना नसते. कोल्हापुरात आधीच धोका पातळी असली तरी तो आपल्या वेळेलाच उघडणार.

नरसोबाच्या वाडीत मात्र पाणी चढणं हा सोहळा असतो. उत्तरेकडून दत्ताच्या देवळात शिरलेलं पाणी पादुकांवरून वाहून दक्षिण दाराने बाहेर पडतं. त्या ‘दक्षिणद्वारा’त स्नान करायला भाविक धावतात. पाणी आणखी चढलं की उत्सवमूर्ती वर हलवतात.

महापूर ओसरला की अलमट्टीचा वाद सुरू होतो. कर्नाटकातल्या या धरणाच्या फुगीमुळेच आपण बुडतो, असं कोल्हापूर-सांगलीत कित्येकांना वाटतं. 2019 च्या पुरानंतर नेमलेल्या वडनेरे समितीने मात्र अलमट्टीला दोषी ठरवलं नाही. मला वाटतं, वाद चालू राहील. पण नदीकाठी टाकलेले भराव आणि त्यांवर उभे राहिलेले बंगले कर्नाटकाने बांधलेले नाहीत.

जलसंपदा विभाग नदीकाठी दोन पूररेषा आखतो. निळी रेषा सरासरी 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. नदीकाठच्या कोणत्याही गावात प्लॉट किंवा फ्लॅट बघत असाल, तर बिल्डरचा ब्रोशर बाजूला ठेवा आणि आधी या दोन रेषांचा नकाशा मागा.