आजीच्या ओव्या जपून ठेवा



जळकोटच्या डोंगरी मुलखात पहाटे जात्याची घरघर आता क्वचितच ऐकू येते. पिठाची गिरणी आली आणि जाते कोपऱ्यात गेले. ओव्या तेवढ्या म्हाताऱ्या माणसांच्या ओठांवर उरल्या. नातवंडे आजीपुढे मोबाईल धरतात, आजी दोन ओव्या म्हणते आणि चित्रफीत तयार होते. पुढे चार महिन्यांनी फोन 'जागा नाही' म्हणू लागतो, आणि सोयाबीनच्या सुगीच्या गडबडीत कोणीतरी तीच चित्रफीत पुसून टाकतो. आजी असेतोवर ती पुन्हा म्हणेल. पुढे काय?

यावर सोपा उपाय आहे. चित्रफितीतला आवाज वेगळा काढून लहान करून ठेवायचा. चांगल्या दर्जाने घेतलेल्या दहा मिनिटांच्या चित्रफितीला सहज एक हजार एमबीहून जास्त जागा लागते. तोच आवाज 'एमपीथ्री' पद्धतीने साठवला तर दहा एमबीच्या आत मावतो. शिवाय पेनड्राइव्हवर घालून तो आखाड्यावरच्या लहान स्पीकरवरही ऐकता येतो.

एवढी जागा वाचते कशी? आपण खळ्यावर धान्य उफणतो, तसेच हे आहे. मोठा आवाज चालू असताना त्याच्या जवळचा बारीक आवाज आपल्या कानाला कळत नाही. जर्मनीतल्या कार्लहाइन्झ ब्रँडेनबर्ग आणि त्यांच्या सोबतच्या संशोधकांनी कानाचा हा स्वभाव ओळखून, न कळणारा भाग गाळण्याची रीत बसवली. 1995 साली तिला एमपीथ्री हे नाव मिळाले. मात्र एक ध्यानात ठेवा. उडालेला भुसा गोळा करता येईल, पण गाळलेला आवाज परत येत नाही. म्हणून एमपीथ्रीची पुन्हा एमपीथ्री करत बसू नये. दरवेळी थोडा कस जातो.

आता कृती. घरात किंवा शाळेत संगणक असेल तर 'व्हीएलसी' हा फुकट मिळणारा कार्यक्रम त्यावर घ्या. 'मीडिया'खाली 'कन्व्हर्ट/सेव्ह' आहे, तिथे चित्रफीत निवडा. प्रकार म्हणून 'ऑडिओ – एमपीथ्री' घ्या, नाव द्या आणि 'स्टार्ट' दाबा. दर 128 ठेवला की गाण्याला पुरतो. नुसते बोलणे असेल तर 64 देखील चालतो आणि जागा निम्मी लागते. मुळात आवाज खराब असेल तर दर वाढवून तो सुधारत नाही. तेव्हा चित्रफीत घेतानाच पंखा, टीव्ही बंद करा आणि फोन तोंडाजवळ धरा.

काही संकेतस्थळे हेच काम फुकटात करून देतो म्हणतात. घरची चित्रफीत अनोळखी जागी चढवू नये आणि तिथली भलतीच बटणे दाबू नयेत. दुसऱ्याचे गाणे किंवा कीर्तन उतरवून घेण्याआधी त्याची परवानगी आहे का, तेही पाहावे. स्वतःच्या घरच्या आवाजाला मात्र कोणाची आडकाठी नाही. फक्त आजीला विचारायला विसरू नका.

हे काम केवढे मोठे होऊ शकते, ते पाहा. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी महाराष्ट्रातल्या एक हजाराहून अधिक गावांतून एक लाखाहून अधिक जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. आपल्या मराठवाड्यातल्या माजलगावच्या बायांच्या ओव्याही त्यात आहेत. आज त्यातल्या कित्येक ओव्या 'पारी' या संकेतस्थळावर ऐकायला मिळतात. कोणीतरी वेळीच ध्वनिमुद्रण केले, म्हणून तो आवाज उरला.

शेवटी दोन गोष्टी सांगतो. फाईलला 'नवीन एक', 'नवीन दोन' असे नाव देऊ नका. म्हणणारीचे नाव, गाव आणि तारीख घाला, म्हणजे वीस वर्षांनीही ओळख पटेल. आणि एक प्रत घरी, तर दुसरी सासरी गेलेल्या लेकीकडे ठेवा. एक फोन विहिरीत पडला तरी ओवी शाबूत राहील. मूळ चित्रफीतही जागा असेल तिथे जपा, कारण ओवी म्हणताना हललेले आजीचे हात आवाजात येत नाहीत.

दिवाळीला लेकी माहेरी येतील. त्या आधीच्या एखाद्या सांजेला आजीजवळ बसा. एवढे काम तासाभरात होते.