क्रुगरचा हिरवा ऋतू : गर्दी कमी, तयारी अधिक

दक्षिण आफ्रिकेतील क्रुगर राष्ट्रीय उद्यानात वन्यजीव दर्शनासाठी मे ते सप्टेंबर हा कोरडा काळ उत्तम मानला जातो. मात्र शांतता हवी असलेल्या पर्यटकांसाठी जानेवारीअखेर ते मार्च हा काळही विचारात घेण्याजोगा आहे. दक्षिण गोलार्धात तेव्हा उन्हाळा असतो आणि पाऊसही याच काळात पडतो. स्थानिक शाळांच्या डिसेंबरमधील सुट्यांची गर्दी एव्हाना ओसरलेली असते.

नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये जन्मलेली इम्पाला हरणांची पाडसे या दिवसांत कळपांत दिसतात. स्थलांतरित पक्षीही मुक्कामी असतात. मात्र गवत उंच वाढते आणि पाणी सर्वत्र मिळत असल्याने प्राणी पाणवठ्यांवर एकवटत नाहीत. त्यामुळे सिंह, बिबट्या दिसणे कठीण होते. सुमारे २० हजार चौरस किलोमीटरच्या या अरण्यासाठी म्हणूनच मुक्कामाचे दिवस वाढवावेत. पारा ४० अंशांपलीकडे जाऊ शकत असल्याने पहाटेची फेरी श्रेयस्कर ठरते. मुसळधार पावसात कच्चे रस्ते बंद होऊ शकतात.

पावसाळी महिन्यांत हिवतापाचा धोका वाढतो; प्रतिबंधक औषधांबाबत प्रस्थानापूर्वीच डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. प्रवासात पीतज्वराचा धोका असलेल्या देशाच्या विमानतळावर १२ तासांहून अधिक थांबा असल्यास लसीकरणाचे प्रमाणपत्र आवश्यक असते. ते लस घेतल्यानंतर १० दिवसांनीच वैध ठरते.