पडदे रंगविणारा दिग्दर्शक : बाबूराव पेंटर

आपल्या झाडीपट्टीत नाटकाला बसलेला माणूस नटाच्या आधी पडदा पाहतो. तो कोणी रंगविला, हे मात्र सहसा कोणी विचारीत नाही. मराठी मूकपटाचा एक थोर दिग्दर्शक अशा पडद्यांमागूनच पुढे आला.

बाबूराव कृष्णराव मेस्त्री यांचा जन्म १८९० साली कोल्हापुरास, कारागिराच्या घरी झाला. नात्याने भाऊ असलेल्या आनंदराव यांच्याबरोबर ते नाटक कंपन्यांचे पडदे रंगवीत. त्यावरूनच ‘पेंटर’ हे नाव पडले. फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३ साली आला आणि दोघांना सिनेमाचा ध्यास लागला. १९१६ साली आनंदराव वारले. तरी बाबूरावांनी दामल्यांच्या साहाय्याने कॅमेरा घरीच घडविला. तानीबाई कागलकरांनी भांडवल पुरविले आणि महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली. १९२० साली ‘सैरंध्री’ निघाला. पुरुष लुगडी नेसून नायिका होत, त्या काळात बाबूरावांनी स्त्रियांना पडद्यावर आणले.

नवल असे की, पडदे रंगवून पोट भरणाऱ्या या माणसाने सिनेमातून रंगविलेले पडदे काढून टाकले! घर दाखवायचे तर खरोखरीच्या भिंती, खरोखरीचे दार त्याने उभे केले. का? नाटकाचा प्रेक्षक एका जागी बसतो. कॅमेरा जवळ जातो आणि खोटे उघडे पाडतो.

याच सचोटीतून १९२५ साली ‘सावकारी पाश’ जन्मला. कथा ना. ह. आपट्यांची. देवदेवता व राजेरजवाडे यांच्या गर्दीत बाबूरावांनी साधा शेतकरी उभा केला. सावकार त्याची जमीन गिळतो आणि तो शहरात येऊन गिरणीचा मजूर होतो. ती भूमिका तरुण व्ही. शांताराम यांनी केली. आपल्या भागात विड्या वळणाऱ्याने लग्नकार्यासाठी उचल घेतली की पुढे काय होते, हे ज्याने पाहिले आहे त्याला ही कथा समजावून सांगावी लागत नाही.

१९२९ साली दामले, फत्तेलाल, धायबर व शांताराम बाहेर पडले. सीताराम कुलकर्ण्यांच्या भांडवलावर त्यांनी ‘प्रभात’ काढली. कालचे कामगार भागीदार झाले. बाबूरावांची कंपनी पुढे बंद पडली. १९५४ साली ते वारले. कंपनी गेली, पण त्यांच्या हाताखाली तयार झालेल्या हातांनी ‘प्रभात’ उभारली. कारागिराचा खरा वारसा तो हाच. म्हणून पुढच्या वेळी नाटक पाहाल तेव्हा पडदा कोणाच्या हातचा, हेही विचारा.