७३ उपाय, पण कोणता कुठे?

मनोविकारावरची काही औषधं वजन आणि रक्तातली साखर वाढवतात. ती घेणाऱ्यांची साखर, चरबी ठरावीक काळाने तपासायला हवी, हे डॉक्टरांना ठाऊक असतं; तरी तपासणी राहून जाते. मग करायचं काय? पुन्हा प्रशिक्षण द्यायचं, संगणकावर आठवण लावायची, डॉक्टरांना त्यांच्याच कामाचे आकडे दाखवायचे, की सरळ सक्ती करायची? अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या आरोग्यसेवेतले हे प्रश्न ‘एरिक’ प्रकल्पाने हाती घेतले, तेव्हा अडचण मुळातच होती. एकाच उपायाला जो तो निराळं नाव देत होता.

नावं ठरवण्यासाठी डेल्फी पद्धत वापरली गेली. तिचा जन्म शीतयुद्धातला. रँड संस्थेत नॉर्मन डाल्की आणि ओलाफ हेल्मर यांनी ७ तज्ज्ञांना विचारलं, की अमेरिकेचं शस्त्रोत्पादन खिळखिळं करायला सोव्हिएत संघाला किती अणुबॉम्ब लागतील? सुरुवातीचे अंदाज ५० पासून ५,००० पर्यंत! तज्ज्ञांना समोरासमोर बसवलंच नाही. प्रश्नावली पाठवायची, इतरांची माहिती आणि मुद्दे नावं न सांगता कळवायचे, पुन्हा विचारायचं. अखेरीस अंदाज १६७ ते ३६० इतके जवळ आले. जवळ आले म्हणजे बरोबर ठरले असं नव्हे, हे मात्र विसरलं जातं.

खरी मेख निनावीपणात आहे. बैठकीत साहेब बोलले की विषय संपतो. इथे साहेब कोण हेच कळत नाही.

एरिकमध्ये ७१ जणांनी ऑनलाइन दोन फेऱ्या आणि शेवटी थेट मतदान करून ७३ उपायांची यादी पक्की केली; ती २०१५ मध्ये प्रसिद्ध झाली. पुढे सारखे उपाय एकत्र लावून त्यांचे ९ गट पाडले आणि प्रत्येक उपायाला महत्त्व आणि व्यवहार्यता यांवर गुण दिले.

यादीवर मतं जुळली. कोणत्या अडथळ्याला कोणता उपाय, यावर मात्र नाही. २०१९ च्या अभ्यासात १६९ जाणकारांनी ३९ अडथळ्यांतून वाट्याला आलेल्या प्रत्येकासाठी जास्तीत जास्त ७ उपाय निवडले, तर एकेका अडथळ्यासाठी सरासरी ४७ वेगवेगळे उपाय पुढे आले. मला हा निकाल अपयशाचा वाटत नाही. रुग्णालय बदललं की तोच अडथळा वेगळा वागतो. त्यावरून बनलेलं साधनही म्हणूनच एकच उत्तर देत नाही. अडथळा निवडला, की प्रत्येक उपायाला किती टक्के जाणकारांनी मत दिलं तेवढं ते दाखवतं.