किल्ल्यांच्या जुडग्यातला बॅकअप

पुण्याजवळच्या मोशीतल्या एखाद्या जॉबवर्कच्या शेडमध्ये जा. केबिनमध्ये टेबलाखाली सीपीयू असतो आणि त्याच्या जाळीवर कूलंटच्या वाफेने चिकटलेली लोखंडाची बारीक पूड. टॅली, पगारपत्रक, चाकणच्या गिऱ्हाइकाची ड्रॉइंग, सगळं त्या एका डब्यात. बॅकअप मालकाच्या किल्ल्यांच्या जुडग्यातल्या पेनड्राइव्हवर, आणि तो शेवटचा कधी घेतला ते कुणालाच आठवत नाही.

क्लाउड म्हणजे असाच डबा, पण दुसऱ्याच्या कोठारातला, भाड्याने घेतलेला. त्या कोठाराला डेटा सेंटर म्हणतात: गार खोल्या, रांगेने सर्व्हर, जनरेटर, चोवीस तास पहारा. आणि ते फार लांबही नसतं. मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये भारतात सुरू केलेल्या तीन केंद्रांपैकी एक पुण्याचं. ॲमेझॉनचं २०१६ पासून मुंबईत आहे.

क्लाउडवर जायचं असेल तर आधी कागदावर यादी करा: काय कुठे आहे आणि कोण उघडतं. सीएनसी मशीनला लागणारे प्रोग्रॅम शेडमधल्या कॉम्प्युटरवरच असू द्या. नेट गेलं म्हणून स्पिंडल थांबता कामा नये. ड्रॉइंग बाहेर ठेवायला गिऱ्हाइकाची परवानगी आहे का, हे करारात बघा; इथे बरेच जण नंतर अडकतात.

मग खातं उघडा, आणि ते स्वतःच्या नावाने उघडा. आमच्या ओळखीतल्या एका शेडवाल्याचं खातं कॉम्प्युटरवाल्याने स्वतःच्या मेलवर उघडलं होतं आणि ओटीपी जायचा नोकरी सोडून गेलेल्या अकाउंटंटच्या मोबाइलवर. स्वतःचेच हिशेब बघायला त्यांना दोघांची मनधरणी करावी लागली.

सुरुवात बॅकअपपासून करा. इथली नेहमीची चूक म्हणजे सिंक झालेल्या फोल्डरलाच बॅकअप समजणं. सिंक म्हणजे दोन्हीकडे सारखं ठेवणं. आपण इथे फाइल उडवली की तिथलीही उडते. रॅन्समवेअरने, म्हणजे फाइलींना कुलूप लावून खंडणी मागणाऱ्या व्हायरसने, इथली फाइल बिघडवली की तीच बिघडलेली फाइल वर जाते. गूगल ड्राइव्हच्या कचरापेटीतही फाइल ३० दिवसच राहते. म्हणून तारखेनुसार जुन्या प्रती वेगळ्या राहतील अशी बॅकअप सेवा घ्या. आपली कंपनी प्रायव्हेट लिमिटेड असेल, तर हिशेबाच्या वह्यांचा बॅकअप भारतातल्या सर्व्हरवर रोज ठेवणं २०२२ पासून नियमानेच बंधनकारक आहे.

पहिल्यांदा डेटा वर चढवायला वेळ लागतो. नेटवाला सांगतो तो वेग बहुधा डाउनलोडचा; आपल्याला हवा अपलोडचा. १०० जीबी डेटा १० एमबीपीएसने चढवायला सलग २२ तास जातात. बुधवारी रात्री लावून ठेवाल आणि गुरुवारी महावितरणने देखभालीसाठी वीज बंद ठेवली, तर काम अर्ध्यावर लटकेल.

टॅली सगळ्यात शेवटी हलवा. भाड्याच्या सर्व्हरवर टॅली गेला की शेडमध्ये वीज नसली तरी मालक मोबाइलच्या नेटवर लॅपटॉप जोडून घरून बिल काढतो, आणि टेम्पो गेटवर ताटकळत नाही. सीएलाही फाइल मेलने पाठवावी लागत नाही. सर्व्हर विकत घेण्याची मोठी रक्कम वाचते, हे खरं. पण भाडं दरमहा, कायमचं. दहा वर्षांत तो हिशेब स्वस्तच पडेल असं मी छातीठोकपणे सांगणार नाही. फायदा आहे तो काम न थांबण्याचा. सेवा सोडली तर आपला डेटा कोणत्या स्वरूपात आणि किती दिवसांत परत मिळेल, हे सही करण्याआधी लेखी घ्या.

शेवटी एका सुट्टीच्या दिवशी दुसऱ्याच लॅपटॉपवर तो बॅकअप उतरवून बघा. मार्चअखेरची बाकी पैशाला पैसा जुळली, की पेनड्राइव्ह जुडग्यातून काढा. फेकू नका मात्र. दर महिन्याला एक प्रत त्यावर घेऊन घरच्या कपाटात ठेवा.