दूरस्थ वायुमय ग्रहावरील परिस्थिती : प्रमाण आणि अनुमान

जो ग्रह आजवर कोणीही डोळ्यांनी पाहिलेला नाही, त्यावरील दिवस, रात्र, वारा आणि पाऊस यांचे वर्णन करण्याचा शास्त्रास अधिकार कोणता, अशी शंका घेतली जाते. जंबुक तारकासमूहातील, सुमारे ६४ प्रकाशवर्षे दूर असलेल्या ‘एचडी १८९७३३ बी’ या ग्रहाच्या अभ्यासातून या शंकेचे निरसन होऊ शकते.

या ग्रहाचा शोध २००५ साली लागला. त्याचे वस्तुमान गुरूपेक्षा किंचित अधिक आहे. परंतु बुध सूर्यापासून सरासरी जितका दूर आहे, त्याच्या सुमारे बाराव्या हिश्श्याइतक्याच अंतरावरून तो आपल्या ताऱ्याभोवती २.२ दिवसांत एक फेरी पूर्ण करतो. इतक्या सान्निध्यात भरती-ओहोटीच्या बलामुळे ग्रहाची एकच बाजू सदैव ताऱ्याकडे राहावी, असा गतिशास्त्राचा निष्कर्ष आहे. अर्थात तेथे उदय-अस्त नाहीत. एका गोलार्धात अखंड दिवस, तर दुसऱ्यात अखंड रात्र. पाय टेकण्याजोगा पृष्ठभागही नाही. खाली जावे तसतसा वायूचा दाब व घनता वाढतच जातात.

फेरीच्या ओघात ग्रहाच्या निरनिराळ्या बाजू क्रमाने आपल्यासमोर येतात. त्यांतून निघणारे अवरक्त किरण स्पिट्झर दुर्बिणीने मोजले. त्यावरून २००७ साली तयार झालेल्या नकाशात तापमान सुमारे ७०० ते ९४० अंश सेल्सिअस आढळले. वातावरण स्थिर असते, तर ऐन माध्यान्हीचा बिंदू सर्वाधिक तप्त असता. प्रत्यक्षात तप्त प्रदेश त्याच्या पूर्वेस सरकलेला आहे. म्हणजेच उष्णता वाहून नेणारा वारा तेथे असला पाहिजे. पुढे २०१५ साली, ग्रह ताऱ्यावरून जात असता सोडियमच्या वर्णरेषांचे स्थानांतर अभ्यासले गेले आणि वाऱ्याचा वेग सेकंदास सुमारे २ किलोमीटर असल्याचे दिसून आले. एका प्रमाणाने सुचविलेली गोष्ट दुसऱ्या स्वतंत्र प्रमाणाने अशी पुष्ट झाली.

२०१३ साली हबल दुर्बिणीच्या निरीक्षणांत, ग्रह ताऱ्याआड जाताच एकूण प्रकाशातील निळा अंश घटल्याचे आढळले. यावरून ग्रहाचा वर्ण गडद निळा ठरतो. तथापि हा निळेपणा सागराचा नव्हे. त्या तापमानात द्रवरूप जल संभवत नाही. वातावरणातील सिलिकेटचे सूक्ष्म कण निळा प्रकाश विखुरत असावेत, असे मानले जाते. ‘काचेचा पाऊस’ ही लोकप्रिय कल्पना याच तर्काच्या पुढची पायरी होय; असा पाऊस कोणत्याही उपकरणाने नोंदलेला नाही. याउलट कुजलेल्या अंड्यांच्या दुर्गंधाशी निगडित असलेला हायड्रोजन सल्फाइड वायू तेथे असल्याचे जेम्स वेब दुर्बिणीच्या वर्णपटांवरून २०२४ साली प्रसिद्ध झाले.

तात्पर्य, या चित्रातील तापमान, वारा व वर्ण यांना मापनाचा आधार आहे. अखंड दिवस-रात्र गतिशास्त्रावर उभी आहे. काचेचा पाऊस मात्र तूर्त संभाव्य तर्क आहे. या तीन पातळ्या अभ्यासकाने वेगळ्या ठेवल्या, म्हणजे नव्या निरीक्षणाने चित्रातील कोणती रेघ पुसावी लागेल, हे त्यास आधीच सांगता येते.