एक फळा, एक प्रश्न आणि चहा

आज घोरावाडीला येण्यासाठी मी शिवाजीनगरहून लोकल पकडली. त्या स्टेशनपासून फर्ग्युसन कॉलेज चालत जाण्याइतकं जवळ आहे. आजच्या विषयाचा एक धागा तिथेच जातो, म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

१९०७ साली व्ही. रामस्वामी अय्यर हे गुत्तीला डेप्युटी कलेक्टर होते. नोकरी सरकारी, पण जीव गणितात. परदेशातली गणिताची मासिकं एकट्याला परवडायची नाहीत आणि वाचलेलं बोलायला आसपास कुणी नाही. त्यांनी ओळखीच्यांना पत्रं लिहिली : वर्गणी काढू, मासिकं घेऊ, आळीपाळीने वाचू. सुरुवातीला वीस सभासद मिळाले. नावही साधं, 'क्लब'. पुढे १९१० मध्ये त्याचीच इंडियन मॅथेमॅटिकल सोसायटी झाली. तिचं ग्रंथालय ठेवलं गेलं फर्ग्युसनमध्ये, कारण तिथे प्राचार्य होते रँग्लर परांजपे. याच सोसायटीच्या नियतकालिकात १९११ साली रामानुजन यांचा पहिला लेख छापून आला. त्यात वाचकांसाठी प्रश्नांचं सदरही असे. रामानुजन यांनी तिथे एक प्रश्न टाकला, कित्येक महिने कुणाचं उत्तर आलं नाही, शेवटी त्यांनीच ते दिलं.

हे सांगण्याचं कारण असं, की आज 'संस्था' म्हणून आपण जे पाहतो, ते एकट्या पडलेल्या माणसांनी एकमेकांसाठी केलेल्या सोयीतून उभं राहिलं.

आता माझी फजिती सांगतो. अनेक वर्षं मी वर्गात कापरेकरांचा ६१७४ हा अंक दाखवत असे. द. रा. कापरेकर म्हणजे फर्ग्युसनचेच विद्यार्थी, पुढे देवळालीच्या शाळेत शिक्षक. सगळे अंक सारखे नसलेली कुठलीही चार अंकी संख्या घ्या. तिचे अंक उतरत्या क्रमाने मांडा, मग चढत्या, आणि वजाबाकी करा. उत्तरावर पुन्हा तेच करा. जास्तीत जास्त सात वेळा करून ६१७४ येतो. मुलं टाळ्या वाजवायची. एके दिवशी मागच्या बाकावरच्या मुलीने विचारलं, "सर, पण का?" मी म्हणालो, "ते संख्येचं वैशिष्ट्यच आहे." ती गप्प बसली. ते गप्प बसणं मला फार लागलं. मला उत्तर येत नव्हतं, आणि तसं म्हणायचा धीरही नव्हता.

त्याच आठवड्यात स्टाफरूममध्ये चहा घेताना हे बोलून गेलो. माझ्यापेक्षा वयाने बऱ्याच लहान असलेल्या सहकारी म्हणाल्या, "चार अंकी राहू द्या सर, आधी तीन अंकी करून बघू." फळा पुसला आणि बसलो.

तुम्हीही वहीत करा. तीन अंकी संख्येत सर्वांत मोठा अंक शतकस्थानी ठेवला आणि नंतर उलट केलं, तर मधला अंक दोन्हीकडे दशकस्थानीच राहतो. वजाबाकीत तो उडून जातो. उरतं काय? सर्वांत मोठा अंक वजा सर्वांत लहान अंक, गुणिले ९९. हा फरक १ ते ९ एवढाच असू शकतो. म्हणजे पहिल्या वजाबाकीनंतर उत्तरं फक्त नऊ : ०९९, १९८, २९७, ३९६, ४९५, ५९४, ६९३, ७९२, ८९१. तीन अंकी संख्या नऊशे, पण तपासायच्या नऊच! आता ०९९ वरून ८९१, तिथून ७९२, मग ६९३, मग ५९४, मग ४९५. आणि ४९५ वर पुन्हा केलं तर ९५४ वजा ४५९, म्हणजे ४९५च. १९८, २९७, ३९६ हेही याच साखळीत येऊन मिळतात. झाली सिद्धता. आठवीच्या मुलाला समजेल अशी.

दुसऱ्या दिवशी मी वर्गात म्हणालो, "परवा मला येत नव्हतं, काल शिकलो." त्या मुलीने चार अंकीसाठी तसाच कोष्टक करायला घेतला. कापरेकरांच्या कामाला अनेकांनी 'पोरखेळ' म्हणून बाजूला सारलं होतं. पण पोरांना खेळताना 'का' विचारू दिलं, की गणित तिथेच सुरू होतं.

म्हणून आपल्या मावळातल्या शिक्षकांना माझी विनंती. महिन्यातून एक तास जमा. एक फळा, एकच प्रश्न. पहिली दहा मिनिटं सगळ्यांनी वहीत करून बघायचं, भाषण नंतर. वक्ता तज्ज्ञ असायलाच हवा असं नाही, अडलेला असला तर उत्तम. विद्यार्थ्यांना बोलवा, आणि त्यांच्यासमोर "मला कळलं नाही" म्हणा. प्रमाणपत्र नको, हजेरीपट नको, कारण ते आले की लोक सहीसाठी येतात. एक वही मात्र ठेवा. न सुटलेले प्रश्न तिच्यात लिहा, पुढच्या वेळी तिथूनच सुरुवात.

इंटरनेटवर आज सगळी उत्तरं मिळतात, मान्य. पण "आधी तीन अंकी करून बघू" हे सांगणारं माणूस शेजारी लागतं.

चला, चहा आलाय. वहीतला पहिला प्रश्न मीच देतो : दोन अंकी संख्यांचं काय होतं? एकाच संख्येवर थांबतं की फिरत राहतं? करून बघा.